पहिल्या बोटाखाली

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार करते. घ्यायचा की तसाच ठेवायचा, ते तू ठरव.

काल बाबांचा फोन आला होता. जेवलीस का, झोप होते का, तिकडे थंडी आहे का, एवढं नेहमीचं विचारून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आत्या दवाखाना बंद करतेय. समोरची खोली शिंप्याला देणार म्हणते." मी विचारलं, का? तर म्हणाले, "ते तिलाच विचार. मला कुठे काय सांगते? माझ्या हातात पुडी ठेवते आणि गप्प बस म्हणते."

तुला फोन लावणार होते. पण फोनवर तू 'हं' म्हणतेस आणि पुढे काही बोलत नाहीस. मग ती मधली जागा भरायला मी भलतंच काहीतरी बोलून बसते. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच 'हं' म्हणता येत नाही.

मी बरी आहे. काम तेच. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल बोलून ठेवतात, ते आवाज आमच्याकडे येतात आणि आम्ही हेडफोन लावून ते टाइप करतो. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, उचललं की बंद. हल्ली संगणकच आधी ऐकून मजकूर तयार करतो आणि आम्ही त्याच्या चुका काढतो. त्यामुळे टाइप करणं कमी आणि माउस ओढणं जास्त झालंय. एक डॉक्टर बोलताना काहीतरी कुरकुरीत खातात. एक प्रत्येक वाक्यानंतर उसासा सोडतात. उसासा टाइप करायचा नसतो. दिवसभर इतकी माणसं कानात बोलतात, आणि संध्याकाळी दुकानात काही मागायला तोंड उघडलं की माझा आवाज घोगरा निघतो, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसतो.

मी परत आले तर तू मला शेजारी बसवशील का?

हे वाक्य मी शेवटी लिहिणार होते. पण शेवटपर्यंत गेले असते तर ते लिहिलंच नसतं, म्हणून इथेच लिहून टाकलं.

शाळेत जायच्या आधीपासून तू मला शिकवत होतीस. कागदाखाली केस ठेवायचीस आणि डोळे मिटून तो बोटांनी शोधायला लावायचीस. मग दोन कागद, मग तीन. बाकीची मुलं बाहेर आरडाओरडा करायची आणि मी केस शोधत बसायचे. मी निघाले तेव्हा तू म्हणालीस, "दुसऱ्याचं बोलणं टाइप करायला चाललीस, कारण त्यात चुकलं तर ती चूक तुझी नाही." मी दार आपटलं. ते तुझं म्हणणं खरं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सुधारून एवढं कळलंय, की चुकीची भीती काही कमी होत नाही. ती फक्त स्वल्पविरामांवर येऊन बसते.

खोली शिंप्याला देऊ नकोस. निदान लगेच नको.

— तुझी भाची


१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आलं. अक्षर तसंच आहे, सगळ्या मात्रा वाऱ्याने वाकल्यासारख्या. "ये. मला आता दिवसभर बसवत नाही. एप्रिलअखेरपर्यंत शिंप्याला थांबवते. पहिल्या दिवशी येतील तेवढ्यांची नाडी तू पाहायची, मी मागून पुन्हा पाहीन. जुळलं तर बस. नाही जुळलं तर शिंपी आहेच. बोटं आहेत ना अजून, की त्या यंत्राला देऊन टाकलीस?"

वाचून मी खोलीत उगाचच येरझाऱ्या घातल्या. कोणालातरी सांगावंसं वाटलं. जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या, त्यांना म्हटलं, "माझी आत्या बोलावतेय मला." त्या म्हणाल्या, "बरं. खोली कधी सोडताय ते आधी सांगा, नळाचं काम काढायचंय."

बोटं आहेत. सगळी.

दुसऱ्याच दिवसापासून सराव सुरू केलाय. सकाळी, काही न खाता, उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर. अंगठ्याच्या मुळाशी पहिलं बोट, त्याखाली वात. मधल्याखाली पित्त. तिसऱ्याखाली कफ. स्वतःची नाडी स्वतः पाहू नये असं तू म्हणायचीस, पण इथे दुसऱ्या कोणाचं मनगट मागणार?

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीची एक बाई आहे, माझ्याच वयाची, माझ्यासारखंच काम करते. तिच्या नाडीत पहिल्या बोटाखाली काहीच लागत नाही. मधल्याखाली लागते, पण भिंतीपलीकडे कोणी चालत असावं तशी. तिसऱ्याखाली त्यातल्या त्यात बरी. तिचे डोळे कोरडे पडतात, मान आखडते, झोप तुटक. सकाळी उठल्यावर हाताला मुंग्या येतात, हात झटकला की जातात. बाकी हिंडतीफिरती आहे. अशा नाडीचा अर्थ काय घ्यायचा?

तशी घाई नाही. पण लवकर कळवलंस तर बरं.

— तुझी


६ मार्च

आत्या,

"माणूस समोर असल्याशिवाय मी बोलत नाही. तिला घेऊन ये." तुझ्या पत्रात एवढंच होतं. मी कागद उलटूनही पाहिला.

ती बाई मी आहे.

'ओळखीची' म्हटलं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती फार टिकली नाही.

आता मला भीती कशाची वाटते तेही सांगते. आजोबा गेले त्या दिवशी तू माझं बोट धरून त्यांच्या मनगटावर ठेवलं होतंस. पहिल्या बोटाखाली काही नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू बाबांना म्हणालीस, "सगळ्यांना बोलावून घे." नाडी जागा सोडते म्हणजे काय, ते मला शब्दांत सांगायची तुला गरजच पडली नाही. आता रोज सकाळी माझ्या मनगटावर तीच रिकामी जागा आहे. मधलं बोटही आता जवळजवळ गप्प झालंय.

डॉक्टरकडे गेले नाही. जाऊन काय सांगू? ते रक्तदाब बघतील, छातीला नळी लावतील आणि सगळं ठीक आहे म्हणतील. दिवसभर मी तेच तर टाइप करते.

कारण मात्र शोधून काढलंय. परीक्षेचा पेपर तपासतेस तसं वाच. तू शिकवलं होतंस की इंद्रियं तीन तऱ्हांनी बिघडतात, फार वापरून, न वापरून आणि भलत्या रीतीने वापरून. आमच्या इथे तिन्ही एकाच खुर्चीत बसलेली असतात. डोळे सकाळपासून हातभर अंतरावर खिळलेले, पापणी मिटायचीसुद्धा राहून जाते. हा अतियोग. कानात दिवसभर आजारी माणसं, पण त्यातलं एकही समोर दिसत नाही. मला कोणाची तरी फुप्फुसं पाठ असतात आणि चेहरा माहीत नसतो. हा मिथ्यायोग. आणि त्वचेला काहीच नाही, हा अयोग. प्लास्टिकची कळ, प्लास्टिकचा माउस, खुर्चीचा प्लास्टिकचा हात. मला कोणाचा हात शेवटचा कधी लागला ते आठवून पाहिलं. बसमधून उतरताना एकाचं कोपर लागलं होतं, आणि तो लगेच माफी मागून मोकळा झाला. त्वचा हे वाताचं घर. त्या घराचं दार इथे कोणी वाजवतच नाही.

त्यात वेग अडवणं. हातातलं संपेपर्यंत लघवीला उठायचं नाही, असा काही नियम नाही, पण पाळतात सगळे. जांभई ओठ मिटून गिळतात, कारण काचेपलीकडे मुख्य बसलेले असतात. पाणी प्यायलं तर पुन्हा उठावं लागेल म्हणून तहानही मारतात. हवा गार आणि कोरडी, ती यंत्रांसाठी सोडलेली. रूक्ष, शीत आणि वर ही बैठक. वात वाढणार नाही तर काय? आणि असा वाढत वाढत शेवटी तो जागाच सोडून गेला असेल, तर?

उपाय चालू आहेत. तळपायाला तेल, मानेला शेक, वेळेवर गरम जेवण. तेलाची छोटी बाटली ऑफिसातही नेली होती. मुख्य म्हणाले, "तुम्ही खुशाल लावा, पण की-बोर्डला अभ्यंग नको."

काही फरक नाही. म्हणून जरा आवराआवर केली. शेजारणीची छत्री परत दिली, ती म्हणाली मला आठवतही नव्हती. कपाट लावलं. उसासेवाल्या डॉक्टरांचे कुठले शब्द कसे ऐकू येतात ते एका कागदावर लिहून ठेवलं, पुढे जी कोणी माझ्या खुर्चीवर बसेल तिच्यासाठी. त्यांचं 'नाही' ऐकायला 'आहे' सारखं येतं, त्यात एखाद्याचा जीव जायचा.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. एप्रिलअखेर मी येणारच. नाडी तोवर राहिली तर.

— तुझी


१३ मार्च

आत्या,

आज मी तुला न विचारता एकीची नाडी पाहिली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते तिला ऑफिसात सगळे उशीवाली म्हणतात. पाठीला एक उशी, बुडाखाली एक, मनगटाखाली एक छोटीशी. आवाज मोठा, पण मनाची चांगली. मी मनगट धरून बसले होते ते तिने पाहिलं.

"अगं, तू वैद्यांच्या घरची ना? मग माझीही बघ की."

"मला अजून परवानगी नाही."

"कोणाची? सरकारची?"

"आत्याची."

"आत्या कुठेय इथे? कपाटात?" आणि डावी बाही वर करून तिने हात माझ्या टेबलावर ठेवून दिला. "बघ. फार काही नको. किती वर्षं काढणार एवढंच सांग, म्हणजे त्या हिशोबाने सोफा घेते."

खरंच सांगते, मी नाही म्हणणार होते. पण तो हात गरम होता, आणि टेबलावर असा उताणा पडला होता की नाही म्हणवेना.

पहिल्या बोटाखाली काही नाही. मधल्याखाली काही नाही. मी बोटं उचलून पुन्हा ठेवली, तू सांगतेस तशी, आधी हलकी आणि मग दाबून. तिसऱ्याखाली काहीतरी हललं आणि तेही विझल्यासारखं झालं.

"काय गं? बोल की. मुलगा की मुलगी?"

"आजच डॉक्टरकडे जा."

"म्हणजे?"

"जा म्हणते ना. एकटी जाऊ नकोस. घरच्या कोणाला तरी बरोबर घे."

ती हसायला लागली होती, ते तोंडातच राहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल, मला काय माहीत. तिने नवऱ्याला फोन लावला आणि उशा तशाच खुर्चीवर टाकून निघून गेली.

आता मला खात्री पटलीय. आधी मी, मग ती. म्हणजे हे एका माणसाचं दुखणं नाही, ही खोलीच माणसांमधून काहीतरी ओढून घेतेय. संध्याकाळी सगळ्यांकडे पाहत होते. बारा डोकी, कोणाचंच कोणाकडे लक्ष नाही, आणि सगळ्यांचे पाय तेवढे पेडलवर हलतायत.

आणखी एक आहे, ते लपवलं तरी तुला कळेलच. तिची नाडी लागली नाही तेव्हा मला भीती वाटली, पण भीतीच्या आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं. की आता मी एकटी नाही.

हे वाचून तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

— तुझी


१६ मार्च

आत्या,

उशीवाली आज आली. दारातूनच ओरडली, "जिवंत आहे मी! डॉक्टरांनी लिहून दिलंय!"

सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत, रक्त ठणठणीत. डॉक्टर तिला म्हणाले, "तुमचं हृदय या मशीनपेक्षा जास्त टिकेल." नवरा म्हणाला म्हणे, "त्या वैद्यीणबाईंना सांग, पुढच्या वेळी माझी नाडी बघा. मलाही सुट्टी हवीय."

मग काय, सगळे जमले. माझीही बघ, माझीही बघ. मी नको म्हणत होते, पण एकेक हात पुढे येत गेला आणि मला राहवेना. कोणाचं तरी एकाचं नीट लागेल, या आशेने मी पाहत गेले. एकाचीही नाडी लागली नाही. शेवटी मुख्यसुद्धा काचेआडून बाहेर आले आणि घड्याळ काढून त्यांनी मनगट पुढे केलं. त्यांचीही नाही. खोलीभर मेलेली माणसं उभी होती आणि पोट धरून हसत होती.

उशीवालीचं हसणं सगळ्यांच्या आधी थांबलं. "इकडे दे," म्हणाली आणि तिने माझाच हात उलटा करून पाहिला. "बोटं एवढी गार का गं तुझी?"

"वात."

"डोळे मिट बघू."

मी मिटले. खूप वेळ काहीच होईना म्हणून म्हटलं, "काय करतेयस?"

"चिमटा काढतेय," ती म्हणाली. "मघापासून."

आत्या, नाडी कुठेच गेली नव्हती. माझीही नाही आणि कोणाचीच नाही.

घरी आल्यावर डोक्यातून एक केस ओढला आणि कागदाखाली ठेवला. एकाच कागदाखाली. उजव्या हाताची तिन्ही बोटं फिरवली. कागद आहे की टेबल आहे तेवढंसुद्धा कळत नव्हतं. करंगळीने पाहिलं, तर करंगळीला केस लगेच लागला. पण करंगळीने कोणी नाडी पाहत नाही.

सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? हा आजार मी आठवड्याला किती वेळा टाइप करते. 'रुग्णाच्या पहिल्या तीन बोटांना बधिरता. सकाळी मुंग्या. हात झटकल्यावर आराम. मनगटातील नस दबल्याची शक्यता.' खाणारे डॉक्टर तर हे इतक्या वेळा सांगतात की संगणकालाही पाठ झालंय, त्यात चूक सापडत नाही. मी तो स्वल्पविराम तपासून पुढे जाते. तुला मी स्वतःच्या हाताने लिहिलं, सकाळी मुंग्या येतात, हात झटकला की जातात. तेसुद्धा दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

डोळे झाले, कान झाले, त्वचा झाली. सगळ्या ऑफिसचा वात मोजून झाला. ज्या बोटांनी मोजत होते ती तपासायची राहिली.

मरणार नाही हे कळल्यावर आनंद व्हायला हवा. पण मरणार असते तर निदान तुझ्यासमोर शेवटपर्यंत वैद्याच्या घरची म्हणून गेले असते. आता नुसती मी उरलेय, आणि तू म्हणतेस येतील तेवढ्यांची नाडी तू पाहायची.

— तुझी


२९ मार्च

आत्या,

डॉक्टरकडे जाऊन आले. उशीवालीच घेऊन गेली. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई आहेत, फार बोलत नाहीत. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं वाकवायला लावली, आणि थोड्याच वेळात बोटं जळायला लागली. मग सुईच्या टोकाने टोचून विचारत गेल्या, इथे लागतं? इथे? मला खोटं सांगायचा मोह झाला. परीक्षेत नापास होतोय असं वाटत होतं. मनगटातून लहान लहान विजेचे झटके सोडून नस कितपत चालते तेही पाहिलं.

त्यांचं म्हणणं असं की नस खूप दिवस दबलेली आहे. पट्टा बांधून, हात राखून बरं व्हायची वेळ गेली. तळहाताच्या मुळाशी छोटी चीर देऊन तिला मोकळं करावं लागेल. मी विचारलं, स्पर्श परत येईल का? त्या म्हणाल्या, "दुखणं नक्की जाईल. मधल्या बोटाचं बऱ्यापैकी येईल, वेळ लागेल. पहिल्या बोटाचं मी आज सांगू शकत नाही."

"पण मला पहिलंच हवंय," मी म्हटलं. "त्याखाली वात असतो."

त्यांनी उशीवालीकडे पाहिलं. उशीवाली म्हणाली, "ती बरोबर बोलतेय, तुम्ही लिहून घ्या."

बाहेर आल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. ती म्हणाली, "आत्याला कळवलंस का?" मी म्हटलं, कळवते. "काय कळवशील?" मग ती माझा उजवा हात मांडीवर घेऊन चोळत बसली, बस येईपर्यंत. मला तिचा हात दिसत होता. लागत होता तो करंगळीला आणि मनगटाच्या वर.

तुला एक सरळ विचारते. तेल, शेक, बस्ती, लेप, तुझ्याकडे जे काही असेल त्याने ही नस मोकळी होईल का? होणार असेल तर मी चीर देणार नाही. तू म्हणशील तितके दिवस माउसला हात लावणार नाही, नोकरी गेली तरी जाऊ दे. तू म्हणालीस तर मी थांबेन. फक्त यावेळी "घेऊन ये" असं लिहू नकोस.

— तुझी


१४ एप्रिल

आत्या,

हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर तुझ्यावर गेलंय.

तुझं पत्र शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मिळालं. "करून घे. दाबलेली नस तेलाने सुटत असती तर त्या 'ओळखीच्या बाई'च्या पत्रालाच मी तेल पाठवलं नसतं का? वेळ घालवू नकोस. शिंप्याला आणखी किती थांबवू ते कळव."

म्हणजे तुला त्याच पत्रात कळलं होतं, ती बाई मी आहे, आणि दुखणं बोटांत आहे. तरी तू लिहिलंस, माणूस समोर असल्याशिवाय बोलत नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तुझ्या जागी मी असते तर अंदाजाने चार पानं लिहिली असती, आणि ती सगळी बरोबर दिसली असती.

चीर लहान आहे. हात उशीवर ठेवून झोपते, ती उशीवालीने दिली. दुखणं खरंच गेलंय. मधल्या बोटाला काल पाण्याचा गारवा कळला. पहिलं बोट अजून माझं नाही. डॉक्टर म्हणतात सहा महिने, वर्ष, कदाचित नाहीच.

शिंप्याला थांबवू नकोस.

'थोडे दिवस' असं लिहून मी हे वाक्य दोनदा खोडलं. पण वर्षभर तू दुखऱ्या पाठीने रोज दार उघडायचं आणि मी इथे रोज सकाळी बोट टोचून पाहायचं, हे बरोबर नाही. मी तयार झाले तर आपण खोलीशिवायही बघू. नाही झाले तर निदान त्या खोलीत कोणीतरी माणसाला हात लावून, माप घेऊन काम करत असेल.

टाके पुढच्या आठवड्यात निघतील. मग मी येते. महिनाअखेरीच्या आधी, दवाखाना चालू असतानाच. कोणाची नाडी पाहायला नाही. दाखवायला येतेय.

सकाळी लवकर येईन, काही न खाता. बाहेर बाकावर रांगेत बसेन, घरची म्हणून मध्ये घुसणार नाही. बाबांना सांग, मला पुढे बसवू नका. इतक्या पत्रांतून मी इतकं बोललेय की आता तोंडाने काही सांगणार नाही, कुठे दुखतं, कधीपासून, काहीच नाही. माझा नंबर आला की डावा हात तुझ्यापुढे ठेवीन.

तू धर, आणि तूच सांग.

— येणारी, तुझी